सरकता पट

वकिलाने निवाडे वाचावेत ते कामापुरते, असा आमच्या व्यवसायातील शहाण्यांचा दंडक आहे. आम्हांस मात्र ज्यांच्याशी आमच्या एकाही पक्षकाराचा काडीचा संबंध नाही असे परमुलुखातील निवाडे रिकामपणी वाचण्याची खोड आहे. कोणी पंचांग चाळतो, कोणी जुने दिवाळी अंक काढून बसतो, तसेच हे. त्यात पुष्कळदा पदरी काही पडत नाही. पण एखादे वेळी असा निवाडा हाती लागतो की तो मिटून ठेवल्यावरही मनात त्याची सुनावणी चालूच राहते. अमेरिकेच्या दुसऱ्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २० जानेवारी १९८२ रोजी दिलेला 'स्टर्न इलेक्ट्रॉनिक्स विरुद्ध कॉफमन' हा निवाडा आमच्यापुरता त्या जातीचा आहे. त्याचा विषय ऐकून, जी वडीलधारी मंडळी देवळाच्या अग्रशाळेत बसून हे पान वाचीत असतील ती बहुधा चष्मा कपाळावर चढवतील. कारण तो विषय म्हणजे पोरांचा एक खेळ आहे.

खेळाचे नाव 'स्क्रॅम्बल'. जपानमधील कोनामी या कंपनीने तो १९८१ मध्ये बाजारात आणला. नाण्यावर चालणाऱ्या, कपाटाएवढ्या यंत्रात तो असे. पडद्याच्या डाव्या अंगाला एक लहानसे अवकाशयान. त्याच्या खालून डोंगर, गुहा, उंच इमारती, अरुंद बोगदे असा सगळा मुलूख उजवीकडून डावीकडे सरकत जातो. यानाला थांबता येत नाही, कारण पटच थांबत नाही. जमिनीवरून अग्निबाण उठतात, आकाशातून तबकड्या येतात, आणि इंधन क्षणाक्षणाला घटत असते. खाली जागोजाग ठेवलेल्या तेलाच्या टाक्या बॉम्बने फोडल्या की ते पुन्हा वाढते. टाकी फोडल्यावर तेल आपल्या यानात कसे येते हे विचारू नये. पुराणातल्या अस्त्रांनाही आपण असले प्रश्न विचारीत नाही.

अमेरिकेत हा खेळ विकण्याचा हक्क स्टर्न कंपनीने घेतला आणि मार्च १९८१ पासून पहिल्या दोनच महिन्यांत सुमारे १०,००० यंत्रे, प्रत्येकी सुमारे २,००० डॉलरना, खपवली. जिथे गूळ तिथे मुंगळे. दुसऱ्या एका कंपनीने तसाच खेळ, तेच नाव देऊन, कमी किमतीला विकायला काढला. वाद न्यायालयात गेला. प्रतिवादींचा बचाव मात्र मोठा बुद्धिमान होता, आणि त्यासाठीच आम्ही हा निवाडा पुन्हा पुन्हा वाचतो. ते म्हणाले, कायदा संरक्षण देतो ते कोठेतरी कायम उमटलेल्या कृतीला. पुस्तक छापलेले असते, चित्रपट फितीवर असतो. पण या खेळात पडद्यावर जे दिसते ते दर डावाला निराळे दिसते, कारण खेळणारा निराळे खेळतो. मग ही कृती ठरीव कशी, आणि तिचा कर्ता तरी कोण? कंपनी, की नाणे टाकणारा पोरगा?

वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये. आपल्या देवळांच्या जत्रेत दशावतारी काला होतो. त्याला लिखित संहिता नसते. संकासुर तोच, त्याची लांब तांबडी जीभ तीच, गणपतीचा प्रवेश त्याच जागी. पण संवाद रात्रीगणिक निराळे. एखाद्या रात्री राजा इतका रंगतो की पहाट होते, एखाद्या रात्री पावसाच्या भीतीने युद्ध चार गिरक्यांत आटोपते. तरी सकाळी घरी जाताना आपण 'आज अमके आख्यान झाले' असेच म्हणतो, आणि त्यात कोणाला संशय वाटत नाही. न्यायमूर्ती न्यूमन यांनी दशावतार पाहिला असण्याचा संभव नाही, पण त्यांनी दिलेले उत्तर आमच्या जत्रेतल्या कोणत्याही म्हाताऱ्याला पटले असते. खेळणारा कोणीही असो, यानाचा आकार तोच राहतो. शत्रूची रूपे, जमिनीचा उंचसखलपणा, टाक्यांच्या जागा, आवाज आणि या सर्वांचा क्रम तोच राहतो. जे पुन्हा पुन्हा तसेच येते, आणि जे यंत्राच्या स्मृतीत साठवलेले आहे, तेवढे कायद्याला पुरेसे आहे. तात्पर्य, कृती कंपनीची ठरली आणि नक्कल करणारे हरले. आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्यात संगणकाच्या आज्ञावलीला साहित्यकृतीत जागा मिळाली ती १९८४ च्या दुरुस्तीने.

निवाडा बरोबर आहे याविषयी आम्हांस शंका नाही. तरी त्यातील खेळणाऱ्याचा भाग आम्हांस थोडा उपाशी ठेवतो. पट कंपनीचा खरा. पण त्या पटावरून कोण कसा गेला, याला काहीच नाव नाही काय? हे आमच्या मनात का घोळते ते सांगायचे तर 'स्क्रॅम्बल'च्या वंशजाकडे वळले पाहिजे.

या खेळाचा उत्तराधिकारी काढावा या हेतूने कोनामीत हिरोयासू माचिगुची आणि त्यांचे सहकारी कामाला लागले, आणि त्यातून १९८५ मध्ये जन्मला तो 'ग्रेडियस'. एप्रिल १९८६ मध्ये तो निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर आला. हे यंत्र टीव्हीला जोडायचे आणि वर खाचेत खेळाची डबी बसवायची. तिला आपल्याकडची मुले 'कॅसेट' म्हणत, म्हणून आम्हीही तोच शब्द वापरतो. कथा थोडकी आहे. ग्रेडियस नावाच्या ग्रहावर बॅक्टेरियन नावाची परकी सत्ता चालून येते आणि 'व्हिक वायपर' नावाचे एकटे यान तिच्यावर धाडले जाते. एकट्याने अख्ख्या सैन्यावर जाण्यात युद्धशास्त्र कोणते, हे जपानी लेखकांनी सांगितलेले नाही; आपल्या अभिमन्यूला निदान आत जाण्याची वाट तरी ठाऊक होती.

या खेळाचे खरे वैशिष्ट्य शस्त्रांच्या खरेदीत आहे. शत्रूंची एखादी अख्खी रांग मारली, किंवा तांबड्या रंगाचा शत्रू मारला, की एक तांबडी गोळी मागे राहते. ती टिपली की पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीवर खूण एक घर पुढे सरकते. पट्टीवर सहा घरे आहेत: आधी वेग, मग जमिनीवर सुटणारा बाण, मग दुहेरी मारा, मग लेसर, मग 'ऑप्शन' आणि शेवटी ढाल. बटण दाबले की खूण ज्या घरावर असेल ते मिळते आणि खूण पुन्हा आरंभाला जाते. म्हणजे एका गोळीत वेग घेऊन समाधान मानावे, की पाच गोळ्या साठवून 'ऑप्शन'ची वाट पाहावी, हा प्रश्न सतत पुढे असतो; आणि साठवीत असताना मरण आले तर सगळीच साठवण बुडाली. 'ऑप्शन' म्हणजे एक तेजस्वी गोळा. तो यानाच्या मागोमाग, यान ज्या वाटेने गेले अगदी त्याच वाटेने येतो, यान गोळी झाडते तेव्हा झाडतो, आणि त्याला कोणी मारू शकत नाही. मोठ्या यंत्रात असे चार गोळे मिळत. घरच्या यंत्रात दोनच. त्या यंत्राची कार्यस्मृती अवघी २ किलोबाइट, आणि पडद्याच्या एका आडव्या रेषेवर ८ पेक्षा अधिक हलत्या आकृत्या त्याला काढता येत नसत. नववी आली की चित्रे लुकलुकू लागत. एवढ्याशा पुंजीत सात प्रदेशांचे विश्व उभे केले आहे. ज्वालामुखी आहेत, उलटे टांगलेले ज्वालामुखी आहेत, पेशींचे जाळे आहे; मिकी हिगाशिनो या तेव्हा अगदी तरुण असलेल्या संगीतकर्त्रीचे स्वर आहेत. आणि शेवटी ज्याच्यासाठी हा सारा प्रपंच केला तो शत्रू भेटतो तेव्हा तो निघतो एक भला मोठा मेंदू, जो प्रतिकारच करीत नाही. आम्हांस तो शेवट लहानपणी फसवणुकीचा वाटे. आता तसा वाटत नाही.

पण खेळाची क्रूरता वेगळ्या ठिकाणी आहे. यान एकदा पडले की वेग, बाण, लेसर, दोन्ही गोळे, सगळे जाते. डाव मात्र आरंभापासून सुरू होत नाही. मधल्याच एखाद्या टप्प्यावर, जिथे शत्रू भरात आहे नेमके तिथे, उघडे यान पुन्हा उभे केले जाते. पट सरकू लागतो. ज्या वाटेने पूर्वी सर्व आयुधांनिशी गेलो ती आता हातात काही नसता काढायची.

हा खेळ आमच्या घरी आला तो १९९० मध्ये, आणि आणला तो आमच्या धाकट्या काकांनी, कुवेतहून. काका तिकडे एका खाजगी पेढीत हिशेबनीस होते. काकू आणि दोन मुली इकडे फोंड्याला आमच्याच घरात. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे. चतुर्थीला सुट्टी मिळणार म्हणून काकांनी जुलैतच मुलांसाठी ते यंत्र घेऊन ठेवले होते. २ ऑगस्टला इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले. त्यानंतर कित्येक आठवडे घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. आजी रोज देवळात जाऊन येई आणि आल्यावर काकूकडे न पाहता सरळ स्वयंपाकघरात जाई. एअर इंडियाने त्या काळात जॉर्डनच्या अम्मानहून सुमारे १,७०,००० माणसे मायदेशी आणली हे आज पुस्तकांत वाचायला मिळते. तेव्हा आम्हांस कळले ते इतकेच की काका बसने वाळवंट ओलांडून अम्मानला पोहोचले आहेत, मग मुंबईला, आणि मग एका सकाळी ते फोंड्याच्या बसस्थानकावरून चालत घरी आले. हातात एकच पिशवी. तीत दोन शर्ट, कागदपत्रांचा जुडगा, आणि टॉवेलात गुंडाळलेले ते यंत्र.

आज विचार केला तर आश्चर्य वाटते. तेरा वर्षांची नोकरी, बँकेतली ठेव, थकलेला पगार, भाड्याच्या घरातले सामान, यांतले काही आणता आले नाही. आणि एक खेळणे आणले. काकूने पुढे एकदा विचारले तेव्हा काका म्हणाले, ते हलके होते म्हणून आणले. या उत्तराची उलटतपासणी घेण्याचे धैर्य आम्हांस कधी झाले नाही.

आजी मात्र त्या दिवशी जे बोलली ते आमच्या कानांत अजून आहे. आमच्या भागातले देव मूळचे इथले नव्हेत, हे या मासिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. सोळाव्या शतकात फिरंग्यांच्या अमलात देवळे मोडली जाऊ लागली तेव्हा भाविकांनी मूर्ती उचलल्या आणि नदी ओलांडून अंत्रुजात आणल्या. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, श्रीमहालसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. आजीने काकांपुढे पेज ठेवली आणि एवढेच म्हणाली की देव आला तेव्हा त्याच्याबरोबर तरी काय होते. मग तिने मीठ आणून ठेवले.

यंत्र आमच्या काळ्यापांढऱ्या टीव्हीला जोडले गेले. रंगीत टीव्ही घरात यायला पुढे सहा वर्षे लागली. याचा एक परिणाम असा की 'ग्रेडियस'मधली तांबडी गोळी आणि निळी गोळी आम्हांस सारखीच करडी दिसे. तांबडीने खूण पुढे सरकते; निळीने पडद्यावरचे सारे शत्रू एका क्षणात नष्ट होतात. आम्ही गोळी टिपायचो आणि जे होईल ते पाहायचो. जपानी कलावंतांनी रंग योजताना फोंड्यातल्या त्या टीव्हीचा विचार केला नव्हता, आणि आम्हीही त्यांना दोष दिला नाही. उलट अचानक सगळे शत्रू नाहीसे झाले म्हणजे ती आम्हांस सरळ दैवी कृपा वाटे.

दिवेलागणीला खेळ बंद, हा आजीचा नियम. 'पुरो रे आतां' असे तिने म्हटले की जॉयस्टिक खाली ठेवायची. काका मुलांबरोबर बसत. दिवसा ते नोकरी शोधायला पणजी, मडगाव, वास्को करीत, आणि परत आले की हातपाय धुऊन जमिनीवर मांडी घालून बसत. त्यांचे खेळणे हिशेबनिसाचे होते. गोळी मिळाली की लगेच खर्च करायची नाही. आम्ही मुले पहिल्या गोळीला वेग घ्यायचो आणि तेवढ्यावर उडायचो. काका पाच गोळ्या जमेपर्यंत हळू, कोपऱ्याकोपऱ्याने जात. दोन्ही गोळे मिळाले की ते मागे न बघता म्हणायचे, आता दोघी आल्या. आमच्या दोन्ही चुलत बहिणी शेजारीच बसलेल्या असत आणि त्यांना हे फार आवडे.

यान पडले की आम्ही मुले काय करीत असू? यंत्रावरचे रीसेटचे बटण दाबून डाव पहिल्यापासून मांडीत असू. चौथ्या प्रदेशात उघडे यान घेऊन जाण्यात काही अर्थ नव्हता, हे अकरा वर्षांच्या कोणालाही कळते. काका ते करू देत नसत. जेवढी याने उरली असतील तेवढी सगळी ते खेळत, तिथूनच, तसेच. बहुतेक वेळा दहा-पंधरा सेकंदांत पुन्हा पडत. पुन्हा उभे राहत, पुन्हा पडत. आम्ही कंटाळून चुळबुळ करायचो. एखादेच वेळी, फार क्वचित, ते त्या उघड्या यानाने एक गोळी मिळवीत, मग दुसरी, आणि त्या अरुंद वाटेतून बाहेर पडत. तेव्हाही ते काही बोलत नसत.

तिसऱ्या प्रदेशाची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या प्रदेशात दगडी मुखवटे उभे आहेत, पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटावरच्या मोआई पुतळ्यांसारखे, आणि ते तोंडातून वलये सोडतात. वलयांपासून यान वाचवायचे आणि नेम धरून त्या तोंडांत गोळ्या घालून पुतळे फोडायचे. एके संध्याकाळी आजी वाती वळीत मागे बसली होती. तिने विचारले, हे देव कुठचे? काकांनी सांगितले की हे देव नव्हेत, दूरच्या एका बेटावरचे पुतळे आहेत. आजी म्हणाली, कोणीतरी भक्तीने घडवले असतील. एवढेच. पण त्या दिवसापासून आजी खोलीत असली की काका तिसऱ्या प्रदेशात एकही पुतळा फोडीत नसत. वलये चुकवीत, वर-खाली होत, हात जोडल्यासारखे गुपचूप पार जात. पट आपोआप सरकत असल्यामुळे ते शक्य होते. कोनामीच्या नियमांत या खेळण्याला गुण नाहीत. आम्ही आजवर पाहिलेला सर्वांत अवघड खेळ तोच.

पुढल्या वर्षी आमचा एक वर्गमित्र एक मंत्र घेऊन आला. खेळ थांबवायचा आणि जॉयस्टिकवर क्रमाने दाबायचे: वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. खेळ पुन्हा सुरू केला की उघड्या यानाच्या मागे दोन्ही गोळे, बाण आणि ढाल हजर! आम्हांस वाटले काका हे मान्य करणार नाहीत. जो माणूस रीसेट करू देत नाही तो ही लबाडी कशी चालवून घेईल? काकांनी ते लक्षपूर्वक ऐकले, हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले, आणि त्यानंतर खुशाल वापरू लागले. आम्ही तक्रार केली. तेव्हा ते म्हणाले, 'कोणें तरी आमचे खातीर दवरलां.' कोणीतरी आमच्यासाठी ठेवले आहे. मग न घेणे हा उद्धटपणा नव्हे काय?

हे कोणी ठेवले ते आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले. त्यांचे नाव काझुहिसा हाशिमोतो. मोठ्या यंत्रावरचा 'ग्रेडियस' घरच्या यंत्रावर उतरवण्याचे काम त्यांच्याकडे होते. काम तपासायचे तर खेळ शेवटपर्यंत खेळून पाहायला हवा, आणि तो त्यांना स्वतःलाच जमेना. म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी हा मंत्र आत घातला, आणि तो काढायचा राहून गेला. तो पुढे कोनामीच्या कितीतरी खेळांत मुद्दाम ठेवला गेला आणि जगभर त्या कंपनीच्या नावाने ओळखला जाऊ लागला. हाशिमोतो फेब्रुवारी २०२० मध्ये निवर्तले तेव्हा ज्यांनी त्यांचे नाव कधी ऐकले नव्हते अशा असंख्य लोकांनी ती दहा बटणे एकमेकांना लिहून पाठवली. काकांचा अर्थ कायद्याच्या दृष्टीने चुकीचा होता. ते कोणी कोणासाठी ठेवले नव्हते. पण मृत्युपत्राचा अर्थ लावताना न्यायाधीश जशी लिहिणाऱ्याच्या मनाबाहेरची सद्बुद्धी कधीकधी त्याच्या पदरात घालतात, तसे काकांनी केले, आणि आम्ही त्यांच्या बाजूने युक्तिवाद करू.

आमच्या कॅसेटवर कोनामीचे नाव नव्हते. कुणाचेच नव्हते. पिवळ्या प्लास्टिकवर एका अवकाशवीराचे चित्र, आणि त्याचा खेळाशी संबंध नाही. आखातात आणि आशियाभर त्या काळी अशा निनावी डब्या टोपल्यांनी विकल्या जात. 'स्क्रॅम्बल'ची नक्कल करणाऱ्यांनी निदान खेळ नव्याने रचण्याचे कष्ट घेतले होते. इथे तेही नव्हते. वकील म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: ज्याने घडवले त्याचा मोबदला आणि नाव ही दोन्ही त्याची. त्यातही मोबदल्यापेक्षा नाव पुसणे आम्हांस अधिक वाईट वाटते. अमेरिकेतील अटारी कंपनी आपल्या कारागिरांची नावे छापीत नसे. तिच्यातले चौघे बाहेर पडून १९७९ मध्ये 'ॲक्टिव्हिजन' ही कंपनी निघाली ती बरीचशी याच रागातून. आणि वॉरन रॉबिनेट नावाच्या एकाने १९८० च्या 'ॲडव्हेंचर' या खेळात एक गुप्त खोली करून तिच्यात आपले नाव लिहून ठेवले. आमच्या देवळांतही पंखा कोणी दिला, फरशी कोणी बसवली, हे संगमरवरावर कोरलेले असते. दीपमाळ कोणी रचली ते कुठेही नसते. कुणी जाणत्याने एखाद्या खांबाच्या मागल्या अंगाला आपले नाव कोरले असेल तर ते शोधायला आम्ही एक दिवस जाणार आहोत.

काकांना अखेर फोंड्याच्या बाजारात एका घाऊक दुकानात हिशेब लिहिण्याचे काम मिळाले. पगार कुवेतच्या मानाने काहीच नव्हता. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी युद्धातील नुकसानीसाठी भरपाई आयोग नेमला. त्याचे अर्ज आले तेव्हा काकांनी नुकसानीची यादी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात केली. ती आम्ही पाहिली आहे. खुर्च्या, पंखा, शिवणयंत्र, भांडी, ठेव, पगार. शिवणयंत्र काकूसाठी घेतलेले होते आणि तिने ते कधी पाहिले नाही. भरपाईची रक्कम ठरावीक होती आणि ती यायला वर्षे लागली. ती आली तेव्हा थोरलीचे लग्न ठरले होते.

काका २०१८ मध्ये गेले. आमच्या गोव्यात वारसाहक्काची वाटणी 'इन्व्हेंटरी'ने होते, हे इथल्या वाचकांना ठाऊक आहे, बाहेरच्यांसाठी सांगतो. पोर्तुगीज काळापासून चालत आलेली ही रीत २०१२ च्या गोव्याच्या कायद्याने नव्याने बांधली आहे. मृताच्या मालमत्तेची, स्थावर-जंगम सगळी, शपथेवर यादी करायची, किंमत लावायची, आणि वाटणीवर एकमत नसेल तर वारसांनी आपसांत बोली बोलायची. अर्धा हिस्सा पत्नीचा असतोच. प्रकरण आमच्याकडेच आले, कारण घरात वकील आम्हीच. यादी लहान होती. घराचा हिस्सा, थोडी ठेव, काकूचे दागिने. दोघी बहिणी समजूतदार, थोरली पुण्याची, धाकटी दुबईची. सारे एकमताने झाले. मग थोरलीने विचारले, व्हिडिओ गेम कुठे लिहिला आहे?

आम्ही समजावले की ज्याला बाजारात किंमत नाही ते यादीत घालून न्यायालयाचा वेळ घेऊ नये. ती म्हणाली, घाल. घातले: 'एक जुने खेळयंत्र, कॅसेटसह, चालू स्थितीत आहे किंवा कसे ते तपासलेले नाही, अंदाजे किंमत रुपये १००'. तेवढ्या एका बाबीवर दोघींचे एकमत होईना. आमच्या पंधरा-वीस वर्षांच्या वकिलीत शेतांवर, नारळीच्या कुळागरांवर, अर्ध्या भिंतीवर बोली झालेल्या आम्ही पाहिल्या आहेत. शंभर रुपयांच्या प्लास्टिकवर पाहिली ती हीच. थोरली हजारावर गेली, धाकटी दोन हजारांवर. काकू बाकावर पदर धरून बसल्या होत्या. सात हजारांवर थोरली थांबली आणि हळूच म्हणाली, यंत्र तिला जाऊ दे, कॅसेट मला हवी. यादीत ती एकच बाब होती. तिच्या दोन बाबी करायला आम्ही अर्ज दिला, आणि तो मंजूर झाला.

एकीशिवाय दुसरी चालत नाही हे दोघींनाही ठाऊक आहे. चतुर्थीला दोघी येतात तेव्हा दोन्ही वस्तू येतात. गेल्या चतुर्थीला यंत्राची वायर नव्या टीव्हीत बसेना, म्हणून विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही ते बाजारातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने ते उलटेपालटे करून पाहिले आणि, जुने आहे, बघतो, म्हणाला. पावती मागितली तर कुणाच्या नावाने करू, असे त्याने विचारले. आम्ही काकांचे नाव सांगितले.